अठ्ठेचाळीस हजार पॉइंट आणि सोळा फेऱ्या

लिफ्टमामा सोबत असले, की हॉटेलात बिल भरायची संधी दुसऱ्या कुणाला मिळत नसे. वेटर लांबून बिल घेऊन येताना दिसला रे दिसला, की मामांचं कार्ड खिशातून बाहेर. "कार्ड माझं, पैसे तुम्ही मला द्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उदार माणूस म्हणून कुणी भुलू नये. मामांचा जीव असायचा त्या कार्डावर मिळणाऱ्या पॉइंटांत. मेव्हणीचा फ्रिज, भाच्याचा लॅपटॉप, शेजारच्या आजोबांची कवळी, सगळं मामांच्या कार्डावरून गेलेलं. कवळीच्या वेळी तर मामा दातांच्या दवाखान्यात इतका वेळ ताटकळत बसले, की नर्सनं त्यांनाच खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं होतं.

मामा लिफ्ट दुरुस्त करायचे. एकोणतीस वर्षं तोच धंदा, म्हणून घरातल्या लहानथोरांचे ते लिफ्टमामा आणि त्यांची बायको ओघानंच मामी. शहरातल्या शंभरेक इमारतींच्या गच्चीवरच्या यंत्रखोल्या त्यांना तोंडपाठ होत्या. कुठला दोर झिजलाय, कुठला ब्रेक आळसावलाय, कितव्या मजल्यावरचं दार कुरकुरतं, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. एकच खोड, काही वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. बदललेल्या दोराचा तुकडासुद्धा घरी यायचा. त्यांच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला लिफ्टचा पोलादी दोर होता. हत्ती वाळत घातला तरी तुटला नसता, पण रुमालांना गंजाचे डाग पडायचे आणि त्यावरून मामींची बोलणी मामांना रोज खावी लागायची.

अशा माणसाकडे पॉइंट साठले नसते तरच नवल. पण साठवणं वेगळं आणि वापरणं वेगळं. "आत्ता नको, पुढे याहून चांगला भाव येईल," असं म्हणत मामा बसून राहायचे. तीन वर्षांपूर्वी मुदत संपून नऊ हजार पॉइंट एका दिवसात उडाले, तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. मामी म्हणाल्या होत्या, "खिशात कधी आलेच नाहीत, ते गेले म्हणून एवढं काय रडायचं!" मामांना ते फार लागलं होतं.

आता पुन्हा बँकेचा निरोप आला. महिनाअखेरीला अठ्ठेचाळीस हजार पॉइंट रद्द होणार. मामांनी तडक भाच्याला बोलावलं. हा भाचा एका बँकेत खिडकीवर बसायचा आणि घरातला अर्थमंत्री समजला जायचा.

"मामा, कॅटलॉग बघूच नका," भाचा चहात बिस्कीट बुडवत म्हणाला. "मिक्सर, इस्त्री, बॅगा, तिथं सगळ्यात कमी भाव. बिलातून वजा करून घेतलंत तर त्याहून थोडं बरं. पण हेच पॉइंट विमान कंपनीकडे वळवून तिकीट काढलंत, तर कॅटलॉगात चार पॉइंटांना जे मिळतं ते तिथं एकाला मिळेल. आणि ऐन सुट्टीत काढा. पैशाचं तिकीट तेव्हा महाग असतं, पॉइंटचं तेवढंच राहतं."

मामांचे डोळे लकाकले. कारण विमानानं जायचं तर होतंच.

त्याचं असं झालं, की पाच वर्षांपूर्वी मामींची कंबर धरली आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. पहिला महिना त्या तलावाचा काठ धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्या महिन्यात काठ सुटला. आणि आता छपन्नाव्या वर्षी पन्नाशीपुढच्यांच्या मोठ्या स्पर्धेत आठशे मीटरसाठी त्यांची निवड झाली होती. पन्नास मीटरच्या तलावात सोळा फेऱ्या. दम होता, हात चांगला होता, एकच घोटाळा होता. मामींना फेऱ्या मोजता येत नसत. पाण्यात डोकं घातलं, की त्यांचं मन दूधवाल्यापासून मेव्हणीच्या फ्रिजपर्यंत भटकून यायचं. मागच्या वर्षी गावच्या स्पर्धेत त्या चौदा फेऱ्यांनंतर थांबल्या, टोपी काढली आणि प्रेक्षकांना हात हलवू लागल्या. बाकीच्या बाया अजून पोहत होत्या. सगळे हसले, मामीही हसल्या, पण त्यानंतर आठ दिवस त्या तलावाकडे फिरकल्या नाहीत.

लांबच्या शर्यतीत एक सोय असते. पलीकडच्या टोकाला पोहणाऱ्याचा आपला माणूस बसतो आणि आकड्याची पाटी पाण्यात बुडवून दाखवतो. मामांनी लिफ्टच्या आतल्या भिंतीचा उरलेला पांढरा पत्रा कापून आठ पाट्या केल्या. सगळे मोजतात झालेल्या फेऱ्या. मामांनी उरलेल्या लिहिल्या, पंधरा, तेरा, अकरा, करत शेवटी एक. "किती चढलो ते सांगून काय फायदा? खाली यायला किती मजले राहिले ते सांगावं," असं त्यांचं म्हणणं. मामींना ते बरोबर लागू पडलं. रोज सकाळी मामा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टोकाला बसायचे, पाटी बुडवायचे, आणि त्या वर्षात मामी एकदाही चुकल्या नाहीत.

मोठी स्पर्धा दूरच्या शहरात होती. पोहणाऱ्यांची तिकिटं क्लबनं काढली. सोबतच्या माणसानं आपलं आपण बघायचं होतं. सुट्टीचे दिवस, तिकिटाचे भाव ऐकूनच घाम फुटावा. मामी क्लबबरोबर गुरुवारी जाणार होत्या. मामांना शुक्रवारी तीन इमारतींच्या लिफ्टची वार्षिक तपासणी होती, ती सोडून हलता येत नव्हतं. शर्यत शनिवारी दुपारी साडेतीनला. आणि पॉइंटांची मुदत रविवारपर्यंत. सगळं कसं जुळून आलं होतं.

सरळ विमानाला एका बाजूचे बावीस हजार पॉइंट लागत होते. जाऊन येऊन चव्वेचाळीस. एखादा शहाणा माणूस ते काढून मोकळा झाला असता. मामांनी मात्र तीन संध्याकाळी खपून दुसरा मार्ग शोधला. पहाटे निघायचं, मधल्या एका शहरात उतरायचं, तिथं तीन तास बसायचं, मग दुसरं विमान. एका बाजूचे फक्त बारा हजार! जाऊन येऊन चोवीस, आणि उरलेल्या चोवीस हजारांत मेव्हणीला मिक्सर. ती गेली दोन वर्षं "माझ्या फ्रिजचे पॉइंट" म्हणून टोमणे मारत होती. एका दगडात दोन पक्षी. मिक्सर मात्र ते रविवारी घेणार होते, कारण शेवटच्या दिवशी कॅटलॉगाचा भाव उतरतो असं कुणीतरी सांगितलं होतं.

मामींनी तिकीट पाहिलं आणि चष्मा काढला. "अहो, सरळ या ना."

"अगं, दीड वाजता पोचतोय मी. दोन तास हातात आहेत."

"मला मिक्सर नकोय."

"तुला कुठे, तुझ्या बहिणीला."

मामींनी पाट्या तेवढ्या मामांच्या बॅगेत ठेवल्या, कारण त्यांच्या स्वतःच्या बॅगेत त्या आडव्या बसेनात.

शनिवारी पहिलं विमान अगदी वेळेवर पोचलं. मधल्या शहराच्या विमानतळावर खिडकीशेजारी बसून मामांनी भाच्याला फोनवर सांगितलंसुद्धा, की डोकं लागतं याला. साडेदहाला फलकावर उशीर दिसला. अकराला दुसरं विमान रद्द. काउंटरवरच्या मुलीनं गोड आवाजात संध्याकाळी सातच्या विमानात जागा देऊ केली.

तपासणीत दोर तुटला असता तरी मामा एवढे घाबरले नसते. पाण्याखाली डोकं घालून पोहणारी मामी, समोरून हलणारा अनोळखी हात आणि चौदाव्या फेरीला काढलेली टोपी, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. आपण दहा हजार पॉइंटांसाठी काय करून बसलो, याची त्यांना खरोखर लाज वाटली.

ते बॅग घेऊन धावत बाहेर आले. टॅक्सीवाल्यानं अंतर ऐकून भाडं सांगितलं. त्यात मिक्सर तीन आले असते.

"कार्ड चालेल?"

"रोख."

आयुष्यात पहिल्यांदा मामांनी घासाघीस केली नाही. भिंतीतल्या मशिनातून पैसे काढले, मोजायलाही थांबले नाहीत आणि पुढच्या सीटवर बसले.

"फार घाई दिसते," टॅक्सीवाला म्हणाला.

"बायको पाण्यात आहे हो. मी वेळेवर पोचलो नाही तर तिचं काही खरं नाही."

टॅक्सीवाल्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पाय दाबला तो दाबलाच. पुढचे साडेचार तास मामांनी दाराची कडी सोडली नाही. मामींना आणि क्लबच्या लोकांना फोन लावला तर कुणी उचलेना, सगळे तलावावर. गावाच्या वेशीवर गर्दी लागली तेव्हा टॅक्सीवाल्यानं खिडकीतून डोकं काढून समोरच्या ट्रकवाल्याला सांगितलं, "अरे, माणूस बुडतंय!" मामांना खुलासा करायला वेळ नव्हता आणि, खरं सांगायचं तर, करावासाही वाटला नाही.

तलावाच्या दारात तीन पंचेचाळीस झाले होते. शर्यत सुरू झालेली. मामा बूट हातात घेऊन ओल्या फरशीवरून धावले, दोनदा घसरले, एकदा पडले. पाचव्या पट्ट्याच्या टोकाला यजमानांची एक कॉलेजातली मुलगी पाटी घेऊन बसली होती. झालेल्या फेऱ्यांची पाटी.

"किती झाल्या?" मामांनी धापा टाकत विचारलं.

"ही येतायत ती नववी. तुम्ही कोण?"

"मी तिचा माणूस!"

सोळातून नऊ गेले किती? तीन संध्याकाळी पॉइंटांचे गुणाकार-भागाकार करणाऱ्या या गृहस्थाला ती वजाबाकी येईना. त्यांनी बोटं मोजली. समोरून मामींची पिवळी टोपी जवळ येत होती, हात जड पडत होते, बाकीच्या पुढे निघून गेल्या होत्या. मामांनी बॅग उपडी केली, पाट्या फरशीवर खणखणल्या, आणि त्यांनी सातची पाटी कोपरापर्यंत हात घालून पाण्यात बुडवली.

मामींनी भिंतीला हात लावला. आणि वळण्याऐवजी डोकं वर काढलं. ओल्या चष्म्यातून त्यांनी मामांकडे पाहिलं. काठावरून क्लबचे सर ओरडले, "मॅडम, वळा! वळा!" मामी हसल्या, तोंडात पाणी गेलं, खोकल्या, आणि वळल्या.

पाच. तीन. एक. प्रत्येक वेळी मामा पाटी बुडवत होते आणि पाण्याला ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही "शाब्बास, शाब्बास" म्हणत होते. मामी पूर्ण सोळा फेऱ्या पोहल्या. आठ जणींत सातव्या आल्या. आठव्या बाईंचं वय एकाहत्तर होतं, हे मामा पुढे कुणाला सांगत नसत.

नंतर दोघं टॉवेल पांघरून बाकावर बसले. मामांनी सगळं खरं सांगितलं, रद्द झालेलं विमान, टॅक्सी, बुडणारं माणूस, तीन मिक्सर. मामी पोट धरून हसल्या. मग मामांनी फोन काढला, परतीचं आडवळणाचं तिकीट रद्द केलं, त्याचे पॉइंट बुडाले ते बुडू दिले, आणि उरलेल्या पॉइंटांतून बावीस हजार मोजून मामींच्याच विमानातली, त्यांच्याच शेजारची जागा घेतली.

"आणि माझ्या बहिणीचा मिक्सर?"

"उरलेल्या दोन हजारांत एक चमचा येईल. तो देऊ."

मामी हसायच्या थांबल्या. टोपी पिळू लागल्या.

"तुमच्या टोकाच्या पहिल्या चारही वळणांना तो दुसराच हात दिसत होता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला काहीतरी झालं. हातच चालेनात. पाचव्या वळणाला तुम्ही नसलात तर बाहेर यायचं आणि तुम्हाला शोधायला निघायचं, असं मी ठरवलं होतं."

मामांचा कोपरापर्यंतचा शर्ट अजून ओला होता, तसाच त्यांनी मामींचा हात दोन्ही हातांत धरला. मुलगी पाट्या गोळा करून घेऊन आली आणि त्यांना बघून पाट्या हळूच बाकाच्या टोकाशी ठेवून गेली.