नानाच्या तळ्यात काही टाकू नका

नाना माझ्या मांडीवर डोकं ठेवून नावेतच गेला. काठ समोर होता, आठ हातांवर, मधे नुसता गाळ. काठावर नावेच्या ऑफिसचा शिपाई उभा होता, त्याच्या मागे खोली होती, खोलीत उतरायची फळी होती आणि खोलीला कुलूप होतं. किल्ली हरवली नव्हती, शिपायाच्या खिशातच होती. पण नाव खुंट्याला लागल्याशिवाय फळी काढायची नाही असा नियम होता, आणि खुंटा कोरड्यात होता. पौषात धरणाचं पाणी कालव्याला सोडतात, काठ रोज हातभर मागे सरकतो. खुंटा मात्र पावसाळ्याचं पाणी बघून रोवलेला. नाव त्याला लागणार कशी? हे शिपायालाही दिसत होतं. म्हणून तो साहेबाला फोन करून परवानगी घ्यायला नाक्यावर गेला. जाताना आम्हाला सांगून गेला, कोणी उतरू नका.

नाना माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो मराठी शाळेत जायचा आणि पाटी माझ्याकडून पुसून घ्यायचा. त्या दिवशी भल्या सकाळी आपल्या माशांच्या तळ्यावर मोटारीचा पाइप ओढत नेताना त्याच्या छातीत कळ आली. थंडी अशी की आखडलेल्या बोटांतला तांब्या सुटेना, आणि हा घामाने भिजलेला. आमचं गाव तापीच्या काठावरचं. धरणाचं पाणी मागच्या नाल्यात चढलं तेव्हापासून त्याचं बेट झालं आहे. दवाखाना अमळनेरला. नावेत बसायचं, पलीकडे उतरायचं, मग एसटी नाहीतर जीप. नाव पलीकडे वेळेत पोचली. नेहमीच पोचते. खोळंबा होतो तो काठाशी. हिवाळाभर आम्ही असे काठासमोर बसतो, तास तास, आणि काठावरची बाभूळ बघतो.

हिरामण भोई नाव चालवतो. त्याने गाळात उडी टाकली, कमरेपर्यंत रुतला, आम्ही बायांनी त्याला दोराने ओढून परत घेतलं. तेवढ्या वेळात नानाने एकदाच डोळे उघडले. मला वाटलं, सिंधूचं, त्याच्या बायकोचं, काही सांगेल. तर म्हणाला, "वैनी, तळामा कोणले काही टाकू देऊ नका." मी म्हटलं, बरं. मग काही बोलला नाही... शिपाई परवानगी घेऊन आला, कुलूप उघडलं, फळी टाकली. फळी बरोब्बर पुरली. तिच्यावरून आम्ही नानाला चौघांच्या हातावर उतरवलं.

लोक म्हणतात, वेळ आली होती. मला हे ऐकवत नाही. वेळ आली नव्हती, वेळ घालवली. डॉक्टरच्या दारात जीव गेला असता तर मी गप्प बसले असते.

आणि ही फळी नानानेच आणवली होती. दोन वर्षांपूर्वी त्याच गाळात मी घसरून पडले आणि मनगट मोडलं. ते अजून वाकडंच आहे. तेव्हा नानाने अर्ज लिहायला घेतले. अक्षर मोत्यासारखं आणि चिकाटी गोचिडीसारखी. काठावर उतरायला फळी द्या, बायामाणसं पडतात. अर्जावर अर्ज. शेवटी फळी आली, तिच्यामागून खोली आली, कुलूप आलं, शिपाई आला, आणि मागाहून नियमाचा कागद आला. नानाने तो कागद मला वाचून दाखवला आणि हसला. म्हणाला, आपण मागितलं लाकूड, त्यांनी साहेब पाठवला. मीही हसले होते. आता हसू येत नाही.

पण सगळा राग त्या शिपायावर काढून मला मोकळं होता येत नाही. नाना गेल्यावर आठव्या दिवशी भाकरी थापताना माझ्या ध्यानात आलं की नावेत आम्ही बसलो होतो त्याही फळ्याच होत्या. आडव्या, हातभर रुंद, दोन दोन खिळ्यांवर ठोकलेल्या. त्या उपटून गाळावर एकापुढे एक अंथरल्या असत्या तर नाना काठावर गेला असता. एवढी माणसं, त्यांत दोन तर सुतारकामाला निघालेली, पेटी मांडीवर घेऊन बसलेली. कोणालाच सुचलं नाही. सरकारी नाव, तिचा खिळा कसा काढायचा? आम्ही फळीवर बसून फळीची वाट बघितली. हिरामणला सांगितलं तर तो खालीच बसला. "अक्का, हे मला सुचायला पाहिजे होतं," म्हणाला. मी म्हटलं, मलाही. आता त्याने सगळे खिळे काढून टाकलेत. फळ्या नुसत्या ठेवलेल्या असतात, बसलं की हलतात.

तळ्याचं सांगायचं राहिलं. आमची काळी जमीन धरणात गेली तेव्हा भाऊबंद धुळ्याला, जळगावला निघून गेले. नाना म्हणाला, जमीन पाण्याखाली गेली तर पाणी कसू. गावाबाहेर जुन्या वीटभट्टीचा खड्डा होता, त्यात पाणी साठलं होतं. तो याने रुंद केला, एक कोपरा पुरुषभर खोल खणला आणि रोहू-कटल्याची पिल्लं आणून सोडली. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात मासा खाल्ला नाही, आणि पाळायला मासे. गाव त्याला माशांचा डॉक्टर म्हणायचं. तो पहाटे उठून तळ्याकडे निघाला की मी म्हणायचे, घरात बायको आहे, तिला कधी विचारलंस का थंडी वाजते का म्हणून? तर म्हणायचा, ती बोलते, मासे बोलत नाहीत. सिंधू आतून म्हणायची, मी बोलून तरी काय उपयोग होतो.

पहिल्या हिवाळ्यात त्याचे मासे मी मारले. थंडी पडली की मासे तळाशी जाऊन बसतात, हलत नाहीत, वर येत नाहीत. मला वाटलं उपाशी मरतात. मी रोज शिळी भाकरी कुस्करून टाकायला लागले. माझं बघून आणखी बायाही टाकू लागल्या, कोणी कण्या, कोणी पीठ. पुण्याचं काम, त्याला कोण नाही म्हणेल? मासे काही खाईनात, अन्न तळाशी सडलं, पाण्याला वास सुटला. एका आभाळाच्या सकाळी बघते तर सगळे मासे वर, तोंडं उघडून हवा पितात. दुपारपर्यंत पांढरी पोटं वर झाली. नाना टोपलीने ती काढत होता आणि मी काठावर उभी. तो मला एक शब्द वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला, "मासा थंडीमा पोटवर नही जगस, वैनी, पाणीवर जगस."

त्यानंतर त्याने थंडीत तळ्यात कोणाला काही टाकू दिलं नाही. पहाटे विहिरीचं पाणी कोमट असतं, ते मोटारीने खोल कोपऱ्यात सोडायचं, बाकी हात लावायचा नाही. त्यासाठीच तो त्या सकाळी पाइप ओढत होता.

दशक्रियेला माणसं जमली. आमच्याकडे गेलेल्याच्या नावाने माशांना पिठाच्या गोळ्या घालतात. नदीवर घालतात, पण इथे तर नानाचं स्वतःचं तळं, मग नदीवर कोण जातो? सिंधूने रात्रीच पीठ मळून ठेवलं होतं. परात घेऊन ती तळ्याच्या काठावर आली, मागे सगळे भाऊबंद. मी वाटेत उभी राहिले. म्हटलं, इथे नाही टाकायचं. ती म्हणाली, अक्का, बाजूला व्हा. मी झाले नाही. तिने मूठ उचलली तर मी तिचं मनगट धरलं. "माझा नवरा मेला आहे," ती म्हणाली, "तुमचे मासे नाहीत मेले."

मी मनगट सोडलं नाही. भाऊबंदांनी मला नाही नाही ते ऐकवलं, म्हातारीचं काळीज दगडाचं आहे म्हणाले. असू दे. सिंधू परात तिथेच ठेवून घरी गेली.

आणि मग त्या गर्दीतून तो शिपाई पुढे आला. नावेने आला होता. त्याच्याही हातात डबा, डब्यात गोळ्या, बायकोने करून दिलेल्या. म्हणाला, आजी, माझ्या जिवाला फार लागलंय, नानांच्या नावाने एवढ्या टाकू द्या. तरुण माणूस, दाढी वाढलेली. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या जिवाला खरंच लागलं होतं, हे मला दिसत होतं. म्हणून तर संताप जास्त आला. तोंडदेखलं गोड बोलून जायला आला असता तर हाकलून दिलं असतं. हा माझ्याच तळ्यात आपलं ओझं टाकायला आला होता.

मी विचारलं, "फळी कोठे शे?"

म्हणाला, खोलीत आहे.

"कुलूप?"

त्याचा हात खिशाकडे गेला.

मी म्हटलं, "मग हा डबा घरी ने. ज्या दिवशी फळी बाहेर राहील त्या दिवशी नानाला पोचलं असं समज. इथे टाकलंस तर मासे मरतील, आणि मग तू आणखी गोळ्या करून आणशील."

तो डबा घेऊन गेला. फळी अजून खोलीतच आहे, कुलूपही आहे. ऑफिसात मी दोनदा जाऊन आले; म्हणतात, नियमाचा कागद वरून आला आहे, वरच विचारा. मला चौथीपर्यंतच शाळा, नानासारखं अर्जाचं अक्षर माझं नाही. म्हणून इथे लिहिते आहे, वरचे कोणी वाचत असतील तर वाचोत.

दशक्रियेनंतर थंडी आणखी वाढली. केळीची पानं करपली, गोठ्यातली दोन वासरं गेली. मी पहाटे मोटार चालू करायचे, वीज नसली की बादलीने पाणी नेऊन सोडायचे, वाकड्या मनगटाने. तळं काळं, गप्प. आत काही जिवंत आहे की नाही, वरून कळायचं नाही. सिंधू माझ्याशी बोलत नव्हती. मलाही रोज वाटायचं, मासे मेलेच असतील, आणि मी तिचा हात उगाच धरला...

शिवरात्रीनंतर ऊन तापलं. परवा सकाळी खोल कोपऱ्यात पाणी हललं. आधी एक, मग सगळीकडेच. मी सिंधूला हाक मारली. ती आली, काठावर बसली. ओच्यातल्या कण्या मुठीत घेऊन म्हणाली, "आता टाकू?" मी म्हटलं, आता टाक. तिने कण्यांची मूठ टाकली आणि पाणी एकदम फुटलं. इतके मासे होते हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं.

एकही मासा मेला नव्हता. नाना मेला. नावेतले आम्ही बाकीचे सगळे जिवंत आहोत.