पाठीवर दोन बोटं

अगं शबाना, पेपरातलं माझं हे सदर जरा जवळ धरून वाच, तुझ्यासाठीच लिहितेय. महिना झाला मानसीला जाऊन, आणि तुझे पाय काही इकडे वळले नाहीत. पनवेलात दवाखाना तुझा, कामोठ्यात मी. असं किती लांब गं? तुझा फोन आला तेव्हा मी माठ भरत होते. "काकू, मानसी गेली," एवढंच म्हणालीस. पाणी वरून वाहून गेलं, मला कळलंच नाही...

तुम्ही दोघी माझ्या वरच्या खोलीत राहायला आलात तेव्हा डॉक्टरकीचं पहिलं वर्ष होतं. प्रेतं फाडायच्या तासाचा वास केसांत घेऊन यायचात, ताटावर बसवेना तुम्हाला. कुणा सिनियरने सांगितलं, सिगरेट ओढा, वास मरतो. वास मेला, सिगरेट राहिली. सरांनी बरणीतलं काळं फुप्फुस दाखवलं त्या दिवशीसुद्धा अख्खा वर्ग तिथून थेट टपरीवर गेला, हे मानसीनेच मला हसत सांगितलं. रागावले तर म्हणाली, "काकू, कधी थांबायचं ते आम्हाला कळतं."

पुढे तुम्ही पाठ ठोकायला शिकलात. डावं बोट पाठीवर सपाट ठेवायचं, उजव्याने त्यावर दोन ठोके. रोज दुपारी चारला सरावाला माझी पाठ. मग मानसीने मलाही शिकवलं. आत हवा असली की रिकाम्या माठासारखं वाजतं, पाणी साठलं की भिंतीसारखं. मला नादच लागला, येता-जाता तुमच्या पाठी ठोकायची.

दिवाळीनंतर मानसी एकटीच येऊन गेली, तुला ठाऊक नसेल. खोकत होती. चहा झाल्यावर पाठ करून बसली. "ठोका बघू काकू. विसरलात की काय?" वर छान वाजलं. उजवीकडे खाली आले... भिंत. परत ठोकलं. भिंतच.

"कसं वाजतंय?"

"रिकाम्या माठासारखं," मी म्हटलं.

ती वळली नाही. तशीच पाठ करून म्हणाली, "हो ना?" स्वतः डॉक्टर ती, तिला का कळत नव्हतं? तिला कुणीतरी खरं बोलायला हवं होतं, आणि मी भ्याले. तपासणी तिने त्यानंतर चार महिन्यांनी केली. तोवर फार पसरलं होतं.

आता वरची खोली कुलपात आहे. पण दुपारी चार वाजले की तिथून टकटक येते. दोन ठोके, जरा थांबून आणखी दोन. आधी वाटलं, नळाचा पाइप असेल. प्लंबर म्हणाला, त्या भिंतीत पाइपच नाही. परवा कुलूप काढून आत गेले, आवाज येत होता तिथे डावं बोट टेकवलं आणि ठोकलं. शबाना, विटांची भरीव भिंत ती... रिकाम्या माठासारखी वाजते.

फोनवर तू मध्येच खोकलीस, ते ऐकलंय मी. सिगरेट सोडलेली नाहीस ना अजून? ये लवकर. चहा मागाहून, आधी पाठ करून बस. या खेपेला जसं वाजेल तसंच सांगेन.