अक्काकडं असलेले माझे कागद

माझ्या चुलत बहिणीला मी अक्का म्हणते. ती माझ्याहून जेमतेम दोन महिन्यांनी मोठी. दोन महिन्यांसाठी जन्मभर अक्का म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही. पण शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात, एकाच घरात वाढलेल्या पोरींना कोण विचारतंय? आईचा तर एकच धोशा, "अक्काचं बघ जरा." अक्काचं अक्षर बघ, अक्काची वेणी बघ, अक्काचं दप्तर बघ. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

बारावीनंतर ती लातूरला खोली करून राहिली, मी नांदेडला. दोघींनाही फार्मसीच करायची होती आणि दोघींचंही नाव पहिल्या याद्यांत लागलं नाही. वर्ष वाया जायला नको म्हणून मी नांदेडच्याच एका कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं आणि माझे सगळे ओरिजनल दाखले तिथल्या ऑफिसात जमा केले. अक्कानं कुठंच नाव घातलं नाही. ती वाट बघत लातुरातच बसली.

आता आमच्या घराची कागद जपायची रीत सांगते. कुणाचाही दाखला आला की पप्पा त्याचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत. ग्रुपवर टाकलं म्हणजे तिजोरीत ठेवलं, अशी सगळ्यांची खात्री. काका हात जोडायचे, आत्या अंगठा दाखवायची, मी गुलाबाचं फूल टाकायची. फोटो उघडायचं मात्र कुणी नाही, कारण नेट वाचवायला आम्ही सगळ्यांनी आपोआप डाऊनलोड बंद करून ठेवलेलं. एक अक्काच तेवढी. एकेक फोटो उघडायची, त्याची पीडीएफ करायची, नाव द्यायची, ईमेलात एक आणि पेनड्राइव्हवर एक ठेवायची. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं फोल्डर. एकदा दिवाळीत मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काय अक्का, तहसीलदारीण झालीस की गं!" सगळे हसले. तीही हसली, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

मग एका फार्मसी कॉलेजानं उरलेल्या जागांसाठी शेवटची फेरी लावली. आमच्या प्रवर्गात एकच जागा होती. यादीत नाव माझं, आणि खाली प्रतीक्षा यादीत पहिलं नाव अक्काचं.

जन्मात पहिल्यांदा मी तिच्या वर होते! मुद्दाम आईला फोन लावला. "यादी बघितलीस का? खालचं नाव पण बघ."

आई म्हणाली, "बघितलं बाई. तिला किती वाईट वाटलं असंल."

घ्या! जागा लागली मला आणि माझ्या आईला कळवळा तिचा. अशा मिरच्या झोंबल्या मला की फोनच ठेवून दिला.

अट एवढीच होती की रविवारी संध्याकाळपर्यंत सगळे कागद ऑनलाइन चढवायचे. जात वैधता प्रमाणपत्र नाही चढलं तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाला जाणार. म्हणजे अक्काला.

रविवारी दुपारी मी निवांत ऑनलाइनच्या दुकानात गेले. ओरिजनल बीएस्सीच्या कॉलेजात, आणि त्याला रविवारचं कुलूप. असू दे, म्हटलं, ग्रुपवर आहेत की. वर वर सरकत गेले. सुविचार, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे केक, आणि मग माझा वैधतेचा दाखला, धुरकट. दाबलं तर फोन म्हणतो, हा फोटो आता मिळणार नाही, पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगा. गुणपत्रकाचं तेच, टीसीचंही तेच. पप्पांना फोन केला.

"पप्पा, माझ्या कागदांचे फोटो पाठवा लवकर."

"ग्रुपवर टाकलेत की."

"ते उघडूनच नाही राहिले. तुमच्या फोनमधले पाठवा."

"फोन लई भरला होता गं, सगळं साफ केलं मी. ग्रुपवर हायेत म्हणूनच केलं ना!"

काकांना विचारलं, आत्याला विचारलं. हात सगळ्यांनी जोडले होते, उघडलं एकानंही नव्हतं. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "ताई, घरात कुणापाशी तरी असंलच." असणारच होतं. कुणापाशी, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

माय माय, काय वेळ आली! माझा घोटाळा झाला तर जिची जागा लागणार, तिलाच म्हणायचं, माझे कागद दे. तिनं नुसतं "नाहीत गं माझ्यापाशी" म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, आणि वर हळहळले असते. फोन लावायला जीभ रेटेना, म्हणून लिहिलं, "अक्का, माझे सगळे कागद पाठव. आज शेवटचा दिवस आहे."

खुणा लगेच निळ्या झाल्या. उत्तर मात्र नाही.

मी दुकानाच्या पायरीवर बसले. समोरून उदगीरची एसटी गेली, मग दुसरी एक गेली. मनातल्या मनात मी तिला काय काय बोलले! साळसूद, आतल्या गाठीची, मेली. बघ आई, म्हटलं, बघ तुझी अक्का. खरं सांगते, रडू येत होतं आणि आतून गारगारही वाटत होतं. जागा गेली तरी चालेल, पण एकदा ही पोरगी वाईट निघू दे.

दुकानदार आवराआवर करायला उठला आणि माझा फोन वाजायला लागला. एकामागून एक पीडीएफ उतरल्या. प्रत्येकीला नाव दिलेलं, साइटला लागतो तेवढाच आकार, क्रमसुद्धा बरोबर. शेवटी एक ओळ होती, "वैधता आधी चढव, साइट हळू चालून राहिली."

मी वैधता आधी चढवली. जागा माझी झाली. अक्काला मी फक्त "थँक्यू" लिहिलं. आईनं फोनवर पहिलं वाक्य काय म्हणावं? "अक्का होती म्हणून!"

अक्काला त्या वर्षी कुठंच जागा मिळाली नाही. पुढं तिनं लातूरला बीएस्सी केलं, आता ती औशात पोरांच्या शिकवण्या घेते. मी नांदेडला एका दवाखान्याच्या औषध विभागात आहे. परवा तिच्या घरी गेले, तर ती मेथी निवडत बसली होती. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी विचारून टाकलं.

"अक्का, त्या रविवारी एवढा वेळ काय करून राहिली होतीस? फायली सापडत नव्हत्या का?"

"फायली तर समोरच होत्या."

"मग?"

"मग काय. फोन उलटा ठेवला न् रडले. लई जळले बघ तुझ्यावर. न्हाईत म्हणून लिहिलं पण होतं. मग पुसलं."

"पुसलंस कशाला?"

तिनं माझ्याकडं, ही काय विचारते, असं बघितलं. "तुझे होते ना गं ते."

मी मेथी निवडायला घेतली. मी हिच्यावर लहानपणापासून जळते. जागा मिळाली तरी जळले, आज पगार जास्त आहे तरी जळते. आणि ही बाई आयुष्यात एकदा जळली, तीही एक दुपार, आणि मोकळी झाली. म्हणजे जळण्यातसुद्धा ही माझ्यापुढंच!

निघताना ती दारापर्यंत आली. "नवीन काही कागद आलेत का तुझे? पाठवून ठेव."

औशाच्या स्टँडवर एसटीत बसले आणि डिग्रीपासून नोकरीच्या ऑर्डरपर्यंत सगळे कागद तिला पाठवले. जळत जळतच पाठवले.