डुकरांचा ड्रायव्हर

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतला हा ड्रायव्हर ट्रकमधून डुकरं नेतो. स्वतः घामाने निथळत सांगतो, “त्यांना घाम येत नाय रे, म्हणून जपावं लागतं.”

मे महिन्यातल्या एका दुपारी कॉटन ग्रीनला, मी काम करतो त्या गोदामासमोरच, त्याचा ट्रक ट्रॅफिकमध्ये अडकला. डुकरं धापा टाकत होती. एक तर आडवंच झालं होतं. लोक नाक दाबून हसत होते. त्याने ताडपत्री वर गुंडाळली आणि मला हाक मारली, “पाइप आण.”

आधी त्याने खालचा भुसा भिजवला, मग हळूहळू त्यांच्या पाठी. हसणाऱ्यांपैकी दोघं बादल्या घेऊन आले. आडव्या डुकराचं डोकं मांडीवर घेऊन तो पुटपुटत राहिला, “ऊठ रे बाबा, पोचलोच आता.”

बऱ्याच वेळाने ते धडपडत उठलं. हा चिखलाने माखलेला, चिंब भिजलेला खाली उतरला.

“सगळी उभी आसत,” असं म्हणून ट्रॅफिक सुटताच तो हॉर्न वाजवत, वरात घेऊन निघाल्यासारखा गेला.