लोळणाऱ्यांच्या कृपेनं

लंडनचा लेनर्ड ट्रिम्बल सत्तावीस वर्षं एकच काम नेमानं करत आला होता. जुलैतल्या एका रविवारी सेंटर कोर्टालगतच्या खोलीत बसायचं आणि टेनिसच्या विजेत्याचं नाव चांदीच्या कपावर कोरायचं. सकाळी तो दोन्ही खेळाडूंची नावं पितळेच्या पट्टीवर गिरवून हात बसवी. पण कपाला कोरणी लावायची ती खेळाडूंनी हात मिळवल्यावरच, कारण चांदीवर कोरलेलं खोडता येत नाही. पुढे कप बाहेर जाईपर्यंत मिळत जेमतेम दहा मिनिटं.

तीही मिळत ती विजेत्यांच्या थेरांमुळे. पण उपकार मानील तर तो लेनर्ड कसला! त्यानं त्यांच्या जाती पाडल्या होत्या: लोळणारे, रडणारे आणि चढणारे. लोळणारा गवतावर उताणा पडून तोंड झाकून घेई. चढणारा प्रेक्षकांच्या डोक्यांवरून आईबापांच्या गळ्यात पडायला निघे आणि वाटेत चार परक्यांनाही मिठ्या मारी. शेवटी कपाची पापी मात्र सगळेच घेत.

"मी तासभर घासून चकचकीत करायचा आणि यांनी त्याला ओठ पुसायचे!" तो घरी बायकोला सांगे. "त्यापेक्षा तो लिंडवाल बघ, ग्वेन. जिंकला की हात मिळवतो, गप खुर्चीत बसतो. माणूस असावा तर असा."

"मग तो जिंकू दे एकदा," ग्वेन म्हणे. "बघू तुझं कोरणं कसं होतं ते."

यंदा लिंडवाल अंतिम सामन्याला पोचला. त्याच वर्षी खोलीच्या कोपऱ्यात फडक्याखाली एक यंत्र येऊन बसलं. क्लबचे चिटणीस पेनफोल्ड त्यावर हात फिरवत म्हणाले, "दोन मिनिटांत नाव उमटवतं हे, ट्रिम्बल. आणि चहासुद्धा मागत नाही. बघू या, आज तुम्हाला कितपत जमतंय." लेनर्डनं हातातली कोरणी उगाच फडक्यानं पुसली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्याला दुसरं कोण कामावर ठेवणार होतं?

लिंडवाल जिंकला. त्यानं हात मिळवला, खुर्चीत बसला, टॉवेलाची नीट घडी केली आणि केळं सोलायला घेतलं.

"पाच मिनिटांत कप हवा!" पेनफोल्ड धावत आले. "हा माणूस काहीच करत नाहीये!"

लेनर्डनं कोरणी टेकवली. घाम भुवयांवरून ओघळत होता. भिंतीवरच्या टीव्हीत लिंडवाल शांतपणे केळं चावत होता. "लोळ की रे बाबा!" लेनर्ड दात ओठ खात पुटपुटला. "निदान डोळे तरी पूस! घरी आईबिई आहे की नाही तुला?" आजवरच्या सगळ्या लोळणाऱ्यांच्या पाया पडावंसं त्याला वाटलं.

मैदानात दाखवण्याजोगं काहीच नाही म्हटल्यावर टीव्हीवाल्यांनी कॅमेरा थेट लेनर्डच्या खोलीत आणला. आता सारं जग त्याचा हात बघत होतं. तरी एक अक्षर वाकडं गेलं नाही. शेवटची रेघ ओढून त्यानं कप फडक्यानं पुसला, तेव्हा पाचातलं अर्धं मिनिट उरलं होतं. त्याला खरंच रडू आलं.

"छान," पेनफोल्ड कॅमेऱ्यामागून कुजबुजले. "आता काहीतरी करा! लोक बघतायत. नुसतं गप्पच बसायचं, तर ते यंत्र काय वाईट?"

लेनर्डनं कोपऱ्यातल्या फडक्याकडे पाहिलं, मग कपाकडे. कोरणीसकट दोन्ही हात वर करून तो ओरडला. खुर्चीवरून घसरून गालिच्यावर उताणा पडला आणि त्यानं तोंड झाकलं. मग उठून कपाची मोठ्यानं पापी घेतली आणि घाईघाईनं बाहीनं ती पुसली. पेनफोल्डांनी टाळ्या वाजवल्या. "पुढच्या वर्षी अस्संच!" ते म्हणाले आणि यंत्र परत न्यायला दोन माणसं बोलावली.

संध्याकाळी लेनर्ड घरी आला तेव्हा ग्वेन स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"लोळलासही आणि रडलासही," ती म्हणाली. "चढायचं तेवढं राहिलं. मी इथंच होते की, यायचंस."