दाजींच्या हृदयाची काचपट्टी

तेव्हा मी राहायला भिसेगावात आणि नोकरीला मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात, पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये होते. थोरली बहीण खालापूरजवळच्या गावात दिलेली. दाजी मोहोपाड्याला कारखान्यात कामाला. एका सकाळी ते ओव्याचा काढा प्यायले, ओकले आणि तासाभरात गेले. जेमतेम चाळिशीचे. सासरच्यांनी पोलिसांना सांगितलं, सुनेनं काढ्यात काहीतरी घातलं.

"दोन दिस छातीत जळजळतंय म्हनत व्हते गं," ताई माझे हात घट्ट धरून म्हणाली. "म्हनून काढा दिला. दुसरं काय नाय दिलं."

सासू ओरडली, "खोटं बोलते! माजा पोर ठणठणीत व्हता."

पोटातले अवयव विषाच्या तपासणीला गेले. हृदय मात्र आमच्याच लॅबमध्ये आलं. बरणीवरचं नाव वाचलं आणि ती तशीच खाली ठेवली. लॅबच्या प्रमुख सरांना सगळं सांगितलं.

"मग तू हात लावायचा नाही," ते म्हणाले.

आमच्या जुन्या टेक्निशियनकाकांनी ते काम केलं. हृदयाचे तुकडे मेणात बसवले, पापुद्र्यासारखे काप काढले, काचपट्टीवर घेऊन रंगांत बुडवले. मी दूर उभी. स्नायू गुलाबी दिसतो आणि त्याच्या प्रत्येक पेशीत एक जांभळा ठिपका. स्नायूचा एखादा भाग मेला, की तिथले ठिपके हळूहळू पुसले जातात. त्याला एक-दोन दिवस लागतात. इथे सगळे ठिपके जागच्या जागी निघाले तर? ताईचं कोण ऐकणार?

आणि त्याहून वाईट विचार आला. दाजी तिला मारायचे. मला ठाऊक होतं. घातलं असेल का तिनं काही?

सर बराच वेळ मायक्रोस्कोपवरून मान उचलेनात. मग म्हणाले, "ये, बघ."

गुलाबी स्नायूच्या एका भागात ठिपके नव्हते. मध्ये मेलेला भाग साफ करायला आलेल्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची गर्दी. दुसऱ्या काचपट्टीवर हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं पार बुजलेली.

"दोन दिवसांचं तरी जुनं आहे. ती साधी जळजळ नव्हती, हार्ट अटॅक होता."

मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

पुढे विषाच्या तपासणीतही काही निघालं नाही. सासरच्यांनी ताईला परत नेलं नाही. ती आमच्याकडेच राहिली. एकदा तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, "तुजा तरी माज्यावर इस्वास व्हता ना गं?"

"होता," मी म्हणाले.

तिनं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खडे वेचू लागली.