अंतरपाटाआडची डबी

धानोऱ्याच्या बँडच्या गाडीवर लॅपटॉप-मिक्सरपाशी एक बाई बसते, हे पंचक्रोशीला पचायला बराच काळ लागला. स्वप्नाली पुरुषोत्तमनगरची लेक, बँडमालक कुंदनची धाकटी भावजय. ऐन वरातीत ऑपरेटर रुसून निघून गेला, तेव्हा ती पदर खोचून गाडीवर चढली, ती पुन्हा उतरलीच नाही. कोणी नावं ठेवली की आवाज वाढवायची.

एकदा कुंदननं सुरतेहून चपटी डबी आणली. लॅपटॉपची यूएसबी वायर मिक्सरला जाते, तिच्या मध्ये ही बसवायची. चहाच्या गाळणीसारखी ती आवाजातली खरखर गाळते म्हणे. डबी बसली आणि बँडची सगळी पोरं माना डोलवायला लागली. मालकानं आणलेली डबी, बोलणार कोण?

"काय वं, कसा शे आवाज?" कुंदननं तिलाही विचारलं.

"दादा, माले काही फरक वाटस नही."

"मंग तुन्हा कान गयात. पुढला लगीनले मशीनवर दुसराले बसाडसू."

स्वप्नालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासरी ती एक जागा तिनं स्वतः मिळवली होती. दहा जण मान डोलवतात म्हणून आपणही डोलवायची? अजिबात नाही. तिनं ट्रंकेतून लग्नातला अंतरपाट काढला.

अंगणात नवऱ्यानं, धर्मेंद्रनं एक टोक धरलं, शेजारणीनं दुसरं. पलीकडे मशीनपाशी सासू, दगूबाई. तिनं गाणं तेच वाजवायचं, पण दर वेळी वायर काढून कधी डबीसकट लावायची, कधी डबीवाचून. अलीकडे दीर-भावजय कान देऊन बसले.

"आते लागनी डबी! देख, आवाज कसा मोकळा व्हयना!" कुंदन ओरडला. पुढच्या खेपेला म्हणाला, "आते काढी." मग पुन्हा, "आते लागनी!" स्वप्नालीचं एकच, "फरक नही."

अंतरपाट खाली आला. दगूबाईनं ओशाळून मूठ उघडली. डबी तिथेच होती.

"भाऊ, माले ती लावताच उनी नही. मी नुसती वायर काढू नि लावू."

अंगण खदखदून हसलं. स्वप्नाली हसली नाही. ही परीक्षा खोटी, तिनं ठणकावलं, आता खरी घ्यायची. या वेळी पडद्याआड धर्मेंद्र गेला. डबी खरोखर लागली, निघाली. सगळ्यांसमोर ती दर वेळी म्हणाली, "नही. फरक नही." तोवर कुंदन चपला घालून निघून गेला होता.

पुढलं लग्न विसरवाडीला होतं. कुंदन आला तेव्हा स्वप्नाली मशीनवर बसलेलीच होती. तिला उठवायची त्याची छाती झाली नाही.

"डबी कठे शे?" त्यानं एवढंच विचारलं.

तिनं गाडीच्या पुढल्या बाजूला बोट दाखवलं. तिथे लिंबू-मिरचीसोबत डबी लटकत होती.

"तठे तरी कामले यी, दादा," ती म्हणाली आणि तिनं आवाज वाढवला.